अक्राला स्वस्तात राहायचंय? आधी नळ सोडून बघा

मी काजूच्या धंद्यात आहे, सिंधुदुर्गातला. आपल्याकडची बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही हे कोकणात कुणाला सांगायला नको, म्हणून आयव्हरी कोस्ट, घाना इथून बी येते आणि घानाची बी फेब्रुवारीच्या आसपास बाजारात यायला लागली की ती फोडून, कापून आतला गर कसा आहे ते बघायला इथून माणसं जातात. माल असतो घानात वर टेचिमन, सांपा ह्या भागात, पण विमान उतरतं अक्राला, म्हणजे राजधानीत, आणि जाता-येता मिळून अक्रात चार-सहा रात्री जातातच. कंपनी मोठी असेल तर हॉटेल मिळतं, आमच्यासारख्यांना गेस्टहाऊस. गेली काही वर्षं मी अशाच गेस्टहाऊसमध्ये राहतोय आणि आता गावाकडची नवीन पोरं पण जायला लागलीयत, प्रत्येकजण फोन करून तेच तेच विचारतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. काजूशी संबंध नसला, नुसतं फिरायला जाणार असाल तरी चालेल, खोली तीच असते.

निघायच्या आधीचं पटकन सांगतो. पिवळ्या तापाची म्हणजे यलो फिव्हरची लस लागतेच, तिचं पिवळं कार्ड अक्राच्या एअरपोर्टवर बघतात आणि परत येताना मुंबईतही बघतात, नसेल तर क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. टोचल्यापासून 10 दिवस झाल्यावरच ते कार्ड धरलं जातं म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, आणि एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते, 2016 पासून तसा नियम आहे. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठरवा पण विचारा नक्की, तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपॅरम म्हणजे जिवावर बेतू शकणारा असतो, तो अंगावर काढायचा आजार नाही. आपली गोल पिनांची प्लग तिकडे बसत नाही, ब्रिटिश पद्धतीची चौकोनी तीन पिनांची लागते, दोन अडॅप्टर इथूनच घेऊन जा. डॉलर नेणार तर नव्या, कोऱ्या नोटा न्या, जुन्या किंवा दुमडलेल्या नोटेला फॉरेक्स ब्युरोवाले कमी भाव देतात किंवा घेतच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. बुकिंग फक्त एका रात्रीचं करा. फोटो कितीही चांगले असूदेत, रिव्ह्यू कितीही चांगले असूदेत, एकच रात्र. हे मी एवढं ठासून सांगतोय कारण पहिल्या वेळी मी एका ठिकाणी पाच रात्रींचे पैसे आगाऊ भरले, थोडा डिस्काउंट मिळतोय म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गेलं ते गेलंच. टाकी रिकामी, टँकर उद्या येईल, उद्या परत उद्या. तीन दिवस विकतच्या पिशव्यांच्या पाण्यावर काढले. पैसे परत मागितले तर मालक गावाला गेलाय, कॅश त्याच्याकडे आहे, असं ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून एक रात्र राहायचं, सकाळी सगळं तपासायचं, मग पुढच्या रात्रींचा भाव करायचा, आणि गंमत म्हणजे असा समोरासमोर केलेला भाव ऑनलाइनपेक्षा बहुतेक वेळा कमीच पडतो.

एरियाचं म्हणाल तर ओसू सगळ्यांना माहीत असतं, तिथल्या मुख्य रस्त्याला ऑक्सफर्ड स्ट्रीट म्हणतात, खाणं, फॉरेक्स, सिमची दुकानं सगळं हाकेच्या अंतरावर, पण भाडं जास्त आणि वीकेंडला रात्रभर स्पीकर. मला स्वतःला असायलम डाऊन, अडाब्राका, कोकोमलेमले हा पट्टा आवडतो, जुनी वस्ती आहे, माणसं पिढ्यानपिढ्या राहणारी. असायलम डाऊन हे नाव तिथल्या जुन्या मनोरुग्णालयावरून पडलं, नाव ऐकून घाबरू नका, शांत भाग आहे. आणि मुख्य फायदा म्हणजे क्वामे एनक्रुमा सर्कल जवळ, ज्याला सगळे नुसतं सर्कल म्हणतात, तिथून कुमासीच्या बस सुटतात आणि कुमासीहून पुढे टेचिमन. माडिना किंवा त्याच्या पलीकडे स्वस्त मिळतं, पण सकाळचं ट्रॅफिक एकदा अनुभवलं की वाचलेले पैसे रस्त्यातच गेले असं वाटतं.

सर्कलच्या बाजूला खोली घेताना एक बघा, जागा खोलात नको. ओडॉ नावाचा मोठा नाला तिथून जातो आणि पावसात तो भाग भरतो. 3 जून 2015 च्या रात्री पुराच्या पाण्यापासून आडोसा म्हणून लोक सर्कलजवळच्या पेट्रोल पंपावर थांबले होते, तिथे स्फोट झाला, पूर आणि स्फोट मिळून त्या रात्री दीडशेच्या वर माणसं गेली. तिथले लोक अजून जून महिना आला की त्याबद्दल बोलतात. एप्रिल ते जुलैमध्ये जाणार असाल तर ग्राउंड फ्लोअर टाळा, आणि गल्लीत भिंतींवर पाण्याची जुनी रेघ दिसतेय का ते बघा, ती रेघ खोटं बोलत नाही.

उजेडात पोचा. फ्लाइट रात्रीची असेल तर गेस्टहाऊसवाल्याला आधीच व्हॉट्सअॅपवर लोकेशन मागा आणि रात्री गेटवर कोण असेल त्याचा नंबर मागा. पत्ता म्हणून जे देतात तो बऱ्याचदा 'अमुक पेट्रोल पंपाच्या मागे, निळं गेट, चर्चच्या समोर' असा असतो. सरकारने 2017 ला घाना पोस्ट जीपीएस म्हणून डिजिटल पत्ते काढले, अक्राचे जीए ने सुरू होतात, तोही कोड मागून ठेवा, पण ड्रायव्हर शेवटी खुणेनेच जातो. एअरपोर्टवरून बोल्ट किंवा उबर घ्या. ड्रायव्हर फोन करून कुठे जायचंय आणि कॅश आहे का हे विचारणार, त्यात फसवणूक नसते, तिकडे तशीच पद्धत आहे, सुटे मात्र ठेवा कारण ड्रायव्हरकडे कधीच नसतात. साधी टॅक्सी घेतली तर बसायच्या आधी भाव ठरवा, आणि 'ड्रॉपिंग' म्हटलं की पूर्ण टॅक्सी तुमची, नाहीतर ती शेअरिंगची असू शकते.

पोचल्यावर पहिलं काम, नमस्कार. हे मी रिसेप्शनच्या सगळ्या युक्त्यांच्या वर ठेवतो. आपण मुंबई-पुण्याच्या सवयीने काउंटरवर जाऊन सरळ 'रूम है क्या' च्या सुरात विचारतो ते तिकडे फार उद्धट वाटतं. आधी गुड मॉर्निंग किंवा गुड इव्हनिंग, कसे आहात, मग काम. बाई वयाने मोठी असेल तर आंटी म्हणा, वाक्याच्या सुरुवातीला प्लीज लावा, आणि काहीही देताना-घेताना उजवा हात, पैसे, चावी, पासपोर्ट सगळं, हे आपल्याला शिकवायला नको कारण आपल्या घरात पण डाव्या हाताने दिलं तर आजी ओरडायचीच. 'मेडासे' म्हणजे थँक्यू, एवढा एक ट्वी भाषेतला शब्द आला तरी समोरच्याचा चेहरा बदलतो. आणि कुणी 'आय अॅम कमिंग' म्हणून निघून गेलं तर गोंधळू नका, आपण 'येतो हां' म्हणून जातो ना, अगदी तेच. पहिल्यांदा मी दहा मिनिटं काउंटरवर उभा होतो, ही येतेय म्हणाली आणि उलटी का गेली म्हणून.

मग खोली बघायला मागा, पैसे द्यायच्या आधी, कुणाला राग येत नाही. खोलीचे शब्द असे आहेत, 'सेल्फ कंटेन्ड' म्हणजे संडास-बाथरूम आतच, नाहीतर बाहेर कॉमन. मग फॅनची खोली आणि एसीची खोली, दोघांच्या भावात बराच फरक असतो कारण वीज महाग. आत गेल्यावर एसीकडे बघू नका, सरळ बाथरूममध्ये जा आणि नळ सोडा. पूर्ण सोडा आणि मिनिटभर चालू ठेवा. धार जोरात सुरू होऊन बारीक होत गेली तर पाइपात उरलेलं पाणी होतं, टाकी रिकामी आहे. मग बाहेर येऊन टाकी बघा, काळी मोठी प्लास्टिकची टाकी असते, तिला सगळे पॉलीटँक म्हणतात, लोखंडी स्टँडवर किंवा छतावर. नुसती बघू नका, तिच्या अंगावर बोटाने ठोका, वरपासून खालपर्यंत, आवाज जिथे बदलतो तिथपर्यंत पाणी. मला हे एका वॉचमननेच शिकवलं आणि आता कुठेही गेलो की आधी टाकी ठोकतो. अक्राच्या बऱ्याच भागांत नळाला पाणी ठरलेल्या दिवशीच येतं, त्यामुळे गेस्टहाऊस टाकीवर चालतं. किती टाक्या आहेत, पाणी कुठल्या दिवशी येतं आणि संपलं तर टँकर मागवता का, हे तीन प्रश्न विचारा. बाथरूममध्ये मोठी बादली आणि पाणी घ्यायचा मग ठेवलेला असेल तर मालक पाणी जाण्याची तयारी ठेवून आहे, म्हणजे चांगलं लक्षण. बादलीने आंघोळ करणं आपल्याला काही नवीन नाही, युरोपियन लोकांचे तिथे हाल होतात. गरम पाण्याची अपेक्षा ठेवू नका, आणि गरजही पडत नाही, हार्मटनच्या दिवसातली सकाळ सोडली तर.

हार्मटन म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून येणारा कोरडा धुळीचा वारा. ओठ फुटतात, खोलीत रोज धुळीचा थर बसतो, व्हॅसलिन जवळ ठेवा.

पाण्यानंतर वीज. तिथे वीज जाण्याला एक खास शब्द आहे, 'दुमसोर', दुम म्हणजे विझव आणि सो म्हणजे पेटव, विझव-पेटव. 2012 ते 2016 च्या काळात हे इतकं वाढलं होतं की शब्द घरोघरी झाला, आता तेवढं नाही पण जाते. रोजच्या बोलण्यात 'लाइट ऑफ' म्हणतात. विचारायचं हे की जनरेटर आहे का, असेल तर रात्रभर चालवता की ठराविक तास, आणि त्यावर फॅन चालतो का एसी पण. बरेच ठिकाणी जनरेटर दाखवायला असतो, डिझेल नसतं, म्हणून मी विचारतो की मागच्या वेळी कधी चालवला, उत्तर देताना माणूस अडखळला की समजायचं. दुसरी एक गोष्ट, मीटर प्रीपेड असतात, कधी कधी लाइट गेलेली नसते, क्रेडिट संपलेलं असतं, तेव्हा शेजारच्या घरात लाइट आहे का हे खिडकीतून बघा आणि मग नम्रपणे रिसेप्शनला सांगा. एसीच्या खोलीला पण फॅन पाहिजेच, नुसता एसी आणि खिडक्या सील अशी खोली घेऊ नका, लाइट गेली की त्या खोलीत बसवत नाही.

खिडक्या बहुतेक काचेच्या पट्ट्यांच्या असतात, लुव्हर, आपल्या जुन्या शाळांमध्ये असायच्या तशा, आणि त्यांना जाळी असते. जाळीला हात लावून बघा, कोपऱ्यात भोक असतंच. मी बॅगेत नेहमी रुंद चिकटपट्टी ठेवतो, पहिल्या पाच मिनिटांत भोकं बंद. मच्छरदाणी घरून नेली तर उत्तम, दोरी आणि दोन हुक पण न्या, छताला काही नसलं तर लुव्हरला आणि कपाटाला बांधता येते. डास संध्याकाळी पाचपासून लागतात, त्यामुळे सूर्य मावळायच्या आधी खिडक्या लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

आवाजाचं सांगितलं पाहिजे. दिवसा खोली बघताना गल्ली शांत वाटते आणि शुक्रवारी रात्री कळतं की मागच्या बाजूला चर्च आहे आणि त्यांची पूर्ण रात्र प्रार्थना चालते, ड्रमसकट. किंवा बाजूला 'स्पॉट' असतो, म्हणजे बिअर प्यायची जागा, तिथला स्पीकर पहाटेपर्यंत. म्हणून आजूबाजूला एक चक्कर मारा. अक्राचे मूळ रहिवासी म्हणजे 'गा' लोक, त्यांच्या होमोवो सणाच्या आधी, साधारण मे-जूनच्या सुमारास, महिनाभर अक्रात ढोल आणि मोठ्या आवाजावर पारंपरिक बंदी असते, तेव्हा गेलात तर शहर वेगळंच लागतं. अजून एक, रेटबोर्डवर 'शॉर्ट टाइम' असा भाव लिहिला असेल तर ती जागा तासांवर चालते, फॅमिली बरोबर असेल किंवा झोप महत्त्वाची असेल तर दुसरीकडे बघा.

पासपोर्ट दाखवायचा, रजिस्टरमध्ये नोंद करू द्यायची, पण तो ठेवून घेऊ द्यायचा नाही, झेरॉक्स द्या. पैशाची पावती घ्या, तारखा लिहून. मुक्काम वाढवताना प्रत्येक वेळी नवीन पावती, कारण शिफ्ट बदलली की आदल्याने काय ठरवलं ते पुढच्याला माहीत नसतं. भाव सेडीमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात ठरवा. सेडी खूप वरखाली होतो, 2022 च्या शेवटी तिथली महागाई पन्नास टक्क्यांच्या वर होती, म्हणून कुणी मागच्या वर्षी सांगितलेला भाव धरून जाऊ नका. तिकडे सगळं मोबाइल मनीवर चालतं, मोमो म्हणतात, अगदी शेंगदाणे विकणारी बाई पण घेते, पण आपलं यूपीआय तिथे कामाचं नाही, त्यामुळे सुरुवातीला कॅशच. लांब राहणार असाल तर पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि मोमो उघडता येतं का विचारा.

कपडे धुवायला तिथेच कुणीतरी असतं, हाताने धुतात, इस्त्री छान करतात. आतले कपडे मात्र आपले आपण धुवायचे, ते दुसऱ्याला देणं तिकडे अपमानास्पद समजतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या ताईंनी पिशवीतून ते वेगळे काढून काही न बोलता खोलीच्या दारात ठेवले तेव्हा समजलं. फार वाईट वाटलं, जाऊन माफी मागितली.

खाण्याचं. गेस्टहाऊसचा नाश्ता म्हणजे ब्रेड, ऑम्लेट, चहा, तो भाड्यात असेल तर ठीक, नाहीतर बाहेर पडा. सकाळी गल्लीच्या तोंडाशी हौसा कोको मिळतं, बाजरीची आंबवलेली पेज, आलं-मिरीचा तिखटपणा असलेली, आणि त्याच्याबरोबर कोसे, म्हणजे चवळीचे वडे. अक्षरशः आपले चवळीचे वडे. शाकाहारी माणसाला अक्रात काय खाऊ हा प्रश्न पडतो त्याचं हे पहिलं उत्तर, आणि दुसरं रेड रेड, चवळीची लाल पामतेलातली उसळ आणि तळलेलं पिकं केळं, फक्त त्यात मासा नाही ना हे विचारून घ्या. वाचे म्हणजे भात आणि चवळी एकत्र शिजवलेला, ज्वारीच्या पानांनी लालसर रंग येतो, हा पण चालतो, पण वर 'शितो' नावाची काळी चटणी घालतात त्यात सुकी मासळी असते. आम्हा कोकणातल्यांना तो शितो म्हणजे जवळ्याची चटणी, मी येताना दोन बाटल्या आणतो. केंके आणि तळलेला मासा हे माझं रात्रीचं जेवण, केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याचा मक्याच्या सालीत उकडलेला गोळा, आंबट लागतो, आंबोळीची सवय असेल त्याला जड जात नाही. दुपारी भूक लागली तर भाजलेलं केळं आणि शेंगदाणे, त्याला कोफी ब्रोकमन म्हणतात, खिशात पैसे नसतानाचं खाणं म्हणून. प्यायला 'प्युअर वॉटर', अर्ध्या लिटरची सीलबंद पिशवी, कोपरा दाताने फाडून पितात. 30 पिशव्यांची मोठी गोणी येते, पहिल्याच दिवशी एक खोलीत आणून ठेवा, पाणी गेलं की तोंड धुवायला पण तीच.

आणि गेस्टहाऊसच्या अंगणात कुणी जेवत असेल आणि तुम्हाला बघून 'यू आर इन्व्हायटेड' म्हणालं तर ते आपलं 'या जेवायला' आहे. थँक्यू म्हणून पुढे गेलात तरी चालतं, दोन घास घेतलेत तर जास्त आवडतं, हात धुवून उजव्या हाताने. पाणी कुठल्या दिवशी येणार, कुठली ट्रोट्रो घ्यायची, कुठल्या गल्लीत रात्री जाऊ नये, हे सगळं मला असंच अंगणात बसून कळलं.

ट्रोट्रो म्हणजे तिकडची मिनीबस, कंडक्टरला मेट म्हणतात, तो 'सर्क-सर्क-सर्क' ओरडत असेल तर सर्कल, 'क्रा-क्रा-क्रा' म्हणजे अक्रा सेंट्रल. तर्जनी खाली करून गोल फिरवली की सर्कलला जायचंय असं समजतात. दिवसा बिनधास्त बसा, रात्री सामान घेऊन नको. रात्री चालताना टॉर्च पाहिजेच, कारण रस्त्याच्या कडेला उघडी गटारं आहेत, कंबरेएवढी खोल, आणि लाइट गेलेली असताना ती दिसत नाहीत. फोन हातात धरून रस्त्याच्या कडेने चालू नका, बाइकवरून हिसकावतात. गेट रात्री किती वाजता बंद होतं ते पहिल्या दिवशीच विचारा आणि वॉचमनशी ओळख ठेवा, उशीर होणार असेल तर त्याला सांगून जा, येताना त्याच्यासाठी काहीतरी खायला आणा. घाना आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे, तुम्ही तिकडे रात्री आठला जेवून घरी फोन लावाल तेव्हा इथे दीड वाजलेला असतो, तर घरच्यांशी दुपारीच बोलून घ्या.

निघायच्या आदल्या रात्री हिशोब पूर्ण करा, पहाटेच्या बसला किंवा फ्लाइटला जायचं असेल तर तेव्हा रिसेप्शनला कुणी नसतं आणि गेटची चावी ज्याच्याकडे आहे तो झोपलेला असतो, त्याला आधी सांगून ठेवा. उरलेले सेडी तिथेच बदला, आपल्याकडे ते कुणी घेत नाही. मलेरियाच्या गोळ्यांचा कोर्स सुरू केला असेल तर परत आल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्या, मध्येच सोडू नका. आणि घरी आल्यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला, अगदी साधा वाटला तरी, त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की मी आफ्रिकेतून आलोय.